उतरलेलं अंग राखणारे मामाजी

अंगाने उतरलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. कोणी तापाने उतरतं, कोणी काळजीने, कोणी एखाद्या बाबाच्या सांगण्यावरून. पण एकदा उतरलेलं वजन पुन्हा अंगाला शिवू द्यायचं नाही, एवढ्या एकाच कामाला ज्याने उरलेला जन्म वाहून टाकला असा माणूस सबंध झाडीपट्टीत एकच झाला, आणि तो माझा सासरा होता. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. अर्जुनीहून सकाळी बैलगाडी जुंपली तर न्याहारीच्या वेळेला जिथे पोचावं, अशा एका धानाच्या गावात आमचं घर होतं. गावात मामाजींना सगळे पटेल, म्हणजे पाटील, म्हणत. मी भंडाऱ्याकडची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मामाजींच्या पाया पडायला वाकले आणि वर पाहिलं, तर मला त्यांचं तोंड दिसलंच नाही. मध्ये पोट होतं. आशीर्वाद कुठून तरी वरून आला.

तेव्हाचे मामाजी म्हणजे एक देखावा होता. त्यांच्यासाठी घरात वेगळा पाट होता, आणि तो पाट म्हणजे जुन्या दाराची एक फळी होती. ते दमणीत बसले की दमणी मागे कलायची आणि बैलांचे पुढचे पाय जमीन चाचपायचे, म्हणून गाडीवाल्याजवळ पुढे धानाचं एक पोतं ठेवत. जेवायला बसले म्हणजे आत्याबाई भाताचा गंजच शेजारी आणून ठेवत. सारख्या चुलीकडे खेपा कोण घालणार? भातही साधासुधा नव्हे. आमच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, सुवासिक चिन्नोर. तो शिजायला लागला की वास वेशीपर्यंत जायचा. आत्याबाईंच्या हातच्या चिन्नोराचं नाव चार गावांत होतं आणि मामाजींचं पोट म्हणजे त्या नावाची खूण होती. हे पोट आपण कमावलं आहे असं आत्याबाईंना मनापासून वाटे, आणि ते खरंही होतं.

हे सगळं बदललं ते माझ्या पहिल्याच रोवणीला. पाऊस उघडला होता, बायका वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या आणि मामाजी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत देखरेख करत होते. ओला धुरा त्यांच्या पायाखाली बसला आणि मामाजी उभेच्या उभे बांधीच्या चिखलात गेले. कमरेपर्यंत. बाहेर काढायला आधी गडी लागले, मग दोर लागला, शेवटी रोवणाऱ्या बायकाही लागल्या. ओढताना रोवणीचं गाणं सोडून सगळ्या हसत होत्या, मामाजी स्वतःही हसत होते. वर आल्यावर ते धुऱ्यावर बसले आणि धापा टाकू लागले. तेव्हा एक म्हातारी रोवणारीण तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "पटेल, तुमचे मोठे भाऊबी असेच धापा टाकत होते जी." मामाजींचे थोरले भाऊ अशाच अंगाचे होते. एका रोवणीला ते दम खायला म्हणून धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. मामाजींचं हसू तिथेच थांबलं. त्या दिवशी जेवायला बसले, पण हात भाताजवळ जाऊन परत येत होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिरोड्याच्या एका वैद्याला बोलावून घेतलं. वैद्य काडीसारखा होता, त्यामुळे मामाजींचा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. त्याने चातुर्मासाचं निमित्त करून भात बंद केला. अंबील, पालेभाजी, पातळ ताक आणि सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवरून फेरी. चातुर्मास संपला तेव्हा मामाजी असे काही उतरले की चौकटीतून सरळ यायला लागले. आधी आडवे होऊन यायचे. खांद्यांवर मान दिसू लागली. आवाजसुद्धा बारीक झाला असं आत्याबाई म्हणत. ही बातमी नात्यात पसरली आणि लोक फळं घेऊन भेटायला येऊ लागले. मामाजी सपरीत, म्हणजे ओसरीत, ताठ बसून स्वागत करायचे आणि पाहुणे उंबऱ्यावरच डोळ्यांना पदर लावायचे. एका चुलत आत्याने तर त्यांच्यादेखत आत्याबाईंना विचारलं की मुलांना कळवलं आहे का. मामाजींना या सगळ्याचा इतका आनंद होई की ते पाहुण्यांना दोन दिवस जास्त ठेवून घेत.

वैद्याने निरोप घेताना मात्र एक बोलणं असं बोलून ठेवलं की त्याने आमचं घर पुढे कित्येक वर्षं हललं. तो म्हणाला, "पटेल, उतरवनं माह्या हातात होतं, राखनं तुमच्या हातात आहे. बांधीतलं पानी एकदा गेलं तं गेलं. हे तसं नाई. हे पानी परत येते, अन् येताना गाजावाजा करत नाई." मामाजींनी ते बोलणं मनात असं धरलं की जणू वजन हा एक चोर आहे आणि तो रोज परसाच्या बाजूने घरात शिरू पाहतो आहे.

मग पहारे बसले. पहिला पहारा पानाचा. पत्रावळ मोठी असली की हात सैल होतो असं त्यांचं मत पडलं, म्हणून त्यांनी पत्रावळ सोडली आणि पळसाच्या एका पानावर जेवायला सुरुवात केली. शिवलेलं नाही, जोडलेलं नाही, झाडावरून तोडलेलं एक पान. त्यावर मावेल तेवढा भात, तोही पेज पूर्ण निथळलेला, आणि त्याच्या आधी वाटीभर अंबाडीची नाहीतर माठाची भाजी आणि ताक. पोटाची पुढची जागा पाल्याने भरून टाकायची, म्हणजे भात आला तरी त्याला मागे उभं राहावं लागतं, असं ते समजावून सांगत. प्रत्येक घास ते इतका वेळ चावत की गावातले तंटे घेऊन आलेले लोक सपरीत ताटकळत बसत, आणि मामाजींचं जेवण आटोपेपर्यंत अर्धे तंटे आपोआप मिटून जात.

दुसरा पहारा वेळेचा. दिवसाचं शेवटचं जेवण सूर्य असताना, आणि वेळ ओळखायची ती गुरं घरी परतण्यावरून. गोठ्याकडे घंटा वाजल्या की मामाजींचा पाट मांडायचा. गुरं बांधून झाली की घरात त्यांच्यासाठी काही शिजायचं नाही. हा नेम उत्तम चालला, तो एकदा गुराख्याच्या मेहुण्याचं लग्न येईपर्यंत. त्याला लवकर जायचं होतं म्हणून त्याने ऊन डोक्यावर असतानाच गुरं आणून सोडली. मामाजी नुकतेच दुपारचं जेवून हात पुसत होते. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि नेम तो नेम म्हणून पुन्हा पाटावर बसून ताक प्याले. त्या संध्याकाळी ते तलावाच्या पाळीवर इतके भराभर चालत होते की लोकांना वाटलं कोणी बुडालं आहे.

तिसरा पहारा लग्नसराईचा, आणि तो सर्वांत अवघड. आमच्याकडे लग्न म्हणजे वडे, सुवारी म्हणजे पुऱ्या, बुंदी आणि वाढणाऱ्यांची जबरदस्ती. मामाजी लग्नाला जाताना कोटाच्या खिशात पळसाचं पान घडी करून नेऊ लागले. एका लग्नात पंगत बसली, समोर मोठाली पत्रावळ आली, आणि मामाजींनी ती हळूच बाजूला सारून खिशातलं पान काढून मांडलं. वाढणारा थबकला. त्याने मुलीच्या बापाला बोलावलं. बापाला वाटलं, मानपानात काही उणं राहिलं आणि पटेल रुसले. तो हात जोडून उभा राहिला, त्याच्यामागे त्याचे भाऊ, आणि पंगत तशीच थांबली. मामाजींनी त्यांना सगळं समजावलं, पण गलक्यात लोकांना एवढंच कळलं की पटेलांचा काहीतरी नवस आहे. एका म्हातारीने कोणत्या देवाचा म्हणून विचारलं. मामाजी म्हणाले, "याचा," आणि पोटावर हात ठेवला. तेव्हापासून तालुक्यात कुठेही लग्न असलं की पटेलांसाठी पळसाचं पान आठवणीने आणून ठेवत, आणि काही श्रद्धाळू बाया त्याला हळदकुंकूही लावत.

या सगळ्या पहाऱ्यांचा निकाल लागायचा तो गोंदियाला. धान विकायला मामाजी छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीने, गोंदियाच्या राइस मिलमध्ये जात. धानाची पोती काट्यावर चढून उतरली की मामाजी पागोटं, कोट आणि जोडा काढून ठेवत आणि स्वतः काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसत. चेहरा असा गंभीर, जणू न्यायासनावर बसले आहेत. हमाल दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत आणि मिलचा शेठ गादीवरून विचारी, "पटेल, धान तो हर साल आता है, आप कितने उतरे वो बोलो." एका वर्षी मामाजींचं पारडं किंचित खाली गेलं. मामाजींनी आधी काट्यावर संशय घेतला, मग कमरेचा पानाचा बटवा काढला, मग बटव्यातली सुपारी कारण नसताना वेगळी तोलून पाहिली. काटा ऐकेना. परत येताना स्टेशनवर न्यायला आलेली दमणी त्यांनी रिकामी पुढे पाठवली आणि स्वतः तिच्यामागून घरापर्यंत चालत आले. बैल सारखे वळून पाहत होते असं गाडीवाल्याने सांगितलं.

आता गाव हसत होतं, पाहुणे हसत होते, पण आमच्या चुलीपाशी एक माणूस मुळीच हसत नव्हतं. आत्याबाईंना या सगळ्यात एकच गोष्ट दिसत होती. ज्या हाताने इतकी वर्षं वाढलं, त्या हाताला नवरा रोज सगळ्यांसमोर 'पुरे' म्हणतो. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी मार्ग शोधले. पळसाच्या त्या एका पानावर त्या भात असा दाबून बसवत की तो उलटा केला तरी पडू नये. भाताच्या पोटात तुपाची धार लपवत. अंबाडीच्या भाजीत जवसाची चटणी कालवत, म्हणजे तोंडाला चव येईल आणि माणूस भात मागेल. मामाजी बोटाने भात उकरून तूप शोधून काढत आणि काही न बोलता बाजूला सारत. एकदा मात्र आत्याबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "माह्या हातचं जेवन तुमाले विष वाटून राहिलं का?" मामाजी घास चावत होते. नेम असा होता की चावताना बोलायचं नाही. घास संपेपर्यंत आत्याबाई आत निघून गेल्या होत्या.

त्या दिवसापासून मामाजींचा स्वयंपाक माझ्याकडे आला. सून-सासऱ्याने समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. ते दाराच्या चौकटीला सांगत की उद्या माठाची भाजी, आणि मी चुलीला सांगत असे की बरं. एका चुलीवर आत्याबाईंचा चिन्नोर घमघमायचा, दुसरीवर माझी अंबाडी आंबट वास सोडायची, आणि मधल्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या आत्याबाई उगाच तांदूळ निवडत राहायच्या.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका दिवाळीनंतर आत्याबाईंना मोतीझिरा झाला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. घरभर वाढणारी बाई चमचाभर पेजेलाही मान फिरवायला लागली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तिरोड्याचा तोच वैद्य आला, नाडी पाहिली आणि बाहेर येऊन मामाजींना म्हणाला की औषध संपलं, आता अन्नच औषध आहे, आणि ते पोटात गेलं नाही तर त्याला काही सांगता येणार नाही. कमी कसं खावं याचे सगळे डावपेच ज्या माणसाला पाठ होते, त्याला आता बायकोला जास्त कसं खाऊ घालावं हे सुचेना. ते खाटेजवळ बसून दोन घास खा, एक घास खा म्हणत राहिले. आत्याबाई डोळे मिटून म्हणाल्या, "तुमीच तं इतके वरस शिकवलं, कमी खाव म्हून. आता मी शिकली."

मामाजी उठून स्वयंपाकघराच्या दारात आले, आणि पहिल्यांदाच चौकटीला न सांगता मला सांगितलं, "सूनबाई, चिन्नोर टाकजो. अन् दोन पत्रावळी आनजो. मोठ्या."

मी भात नेला. मामाजी खाटेजवळ खाली बसले आणि म्हणाले, "तू एक घास खाशीन, मी एक खाईन. तू नाई, तं मीबी नाई." आत्याबाईंनी डोळे उघडून त्यांच्या पत्रावळीकडे पाहिलं. तिच्यावर मामाजींनी सवयीने चिमूटभर भात घेतला होता. त्या म्हणाल्या, "तुमचा भात एवढाच? मंग मी कायले जास्त खाऊ?" मामाजींनी मला खूण केली. मी वाढलं. आत्याबाई पाहतच होत्या. मी आणखी वाढलं. "तूप," आत्याबाई म्हणाल्या, आणि ते स्वतःच्या पानाकडे नव्हे, मामाजींच्या पानाकडे बोट करून. मी तूप वाढलं. मामाजींनी घास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. इतक्या वर्षांनी चिन्नोर तुपासकट जिभेवर आला होता. चावायचं सोडून ते नुसते तो घास तोंडात धरून बसले. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि मग आपला पहिला घास घेतला.

पुढचा सगळा हिवाळा हे असंच चाललं. सकाळी, दुपारी, आणि गुरं परतल्यावरसुद्धा. तिचा एक घास, त्यांचा एक. आत्याबाईंच्या गालांवर मांस आलं, बांगड्या मनगटावर परतल्या. मामाजींकडे सगळंच परतलं. आधी कोटाची बटणं रुसली, मग चौकट अरुंद झाली. वैद्य सांगून गेला होता तसंच ते पाणी गाजावाजा न करता आलं. होळीच्या सुमाराला धान विकायला गोंदियाला गेले तेव्हा शेठने काट्याकडे बोट केलं, आणि मामाजी म्हणे त्याला सांगून आले की यंदा फुरसत नाही.

आत्याबाई हिंडूफिरू लागल्यावर एक दिवस तांदूळ पाखडताना मला हळूच म्हणाल्या, "भूक तं मले केव्हाचीच आली होती, बाई." मी सूप थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या म्हणाल्या, "त्यायनं इतक्या वरसात असं जेवन केलं नवतं. रोज मांडीले मांडी लावून बसत होते. मंग मी कायले बोलू?" आणि पदर तोंडाला लावून हसल्या. दाबून भरलेल्या पळसाच्या पानाने जे साधलं नव्हतं ते बाईने खाटेवर पडून साधलं होतं.

पण ते हसू रोवणीपर्यंतच टिकलं. त्या वर्षी आत्याबाई बऱ्याच दिवसांनी बांधीवर आल्या होत्या. मी त्यांच्यासोबत होते. मामाजी धुऱ्यावरून येत होते. मध्येच थांबले, छातीवर हात ठेवला, आणि दम खायला खाली बसले. बसले म्हणजे नुसतेच बसले होते, थोड्या वेळाने उठलेही. पण तेवढ्या वेळात आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. त्यांनी आपल्या जेठांना, मामाजींच्या थोरल्या भावाला, तसंच बसताना पाहिलं होतं. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी गेले तर अंबाडी आधीच शिजत होती. आत्याबाईंनी भात उपसून पेज निथळायला ठेवली होती. परसातून त्यांनी पळसाची दोन पानं तोडून आणली, धुतली, आणि शेजारी शेजारी मांडली. मामाजी पाटावर बसले, पानाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. भात मोकळा वाढला होता. त्यांनी सवयीने बोट घालून तूप शोधलं. तूप नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

त्यानंतर दोघं तसेच जेवू लागले, एकेका पानावर, तिचा घास झाला की त्यांचा. मामाजींचं अंग पुन्हा उतरलं, पण पहिल्यासारखं नाही. थोडं राहिलंच. वैद्याने एकदा त्यांना दटावलं की पटेल, एवढं बाकीचं कायले ठेवलं. मामाजी म्हणाले, "हे माहं नाई. हे हिचं आहे. हिच्या दुखन्यातलं. हे मी देत नाई." दाराआड आत्याबाई होत्या. त्यांनी वैद्याला त्या दिवशी चहात दुधाची साय घालून पाठवली.

थोरल्या भावाच्या वयाला मागे टाकून मामाजी कितीतरी पुढे आले, आणि स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यात, दुपारी सपरीत पडल्या पडल्या, कोणालाही त्रास न देता गेले. आत्याबाई पुढे बरीच वर्षं होत्या. त्यांना मी वाढत असे. 'पुरे' त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि 'आणखी' असंही कधी मागितलं नाही. जेवायला मात्र त्यांना फार वेळ लागे. एक घास घेत, तो संपला की हात पानावर तसाच ठेवून थांबत. समोर कोणी नसे. एक घास सावकाश चावून व्हायला जेवढा वेळ लागावा तेवढं थांबून मगच त्या पुढचा घास घेत.